खिशातला की खांद्यावरचा?

गेल्या अंकात मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या आणि लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांवर लिहिताना शेवटी सहज एक वाक्य टाकलं होतं, की हल्ली मी फिरायला जाताना मोठा कॅमेरा घरीच ठेवतो आणि खिशातला छोटा घेऊन जातो. झालं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की बाकीच्या लेखाचं काय झालं कुणी विचारलंच नाही. कुणी म्हणतं मग आम्ही उगाच तीन लाख घातले का, कुणी म्हणतं छोट्याने लग्न काढता येईल का. म्हणून या वेळचं सदर सगळं यावरच.

प्रश्न : मी साताऱ्याचा, बँकेतून नुकताच निवृत्त झालोय. यंदा आळंदी ते पंढरपूर पूर्ण पायी वारी करायचं ठरवलंय. मुलगा म्हणतो बाबा आता घेताय तर चांगलाच घ्या, त्याने निकॉनचा झेड ८ हा मोठा मिररलेस आणि २४-१२० मिलिमीटरची झूम लेन्स सुचवलीय. ट्रेकिंग ग्रुपातला मित्र म्हणतो वेड लागलंय का, सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ घे, खिशात टाक आणि चालायला लाग. दोन्हींच्या किमतीत एवढं अंतर आहे, मग फोटोतही तेवढंच पडतं का?

उत्तर : आधी वजनाचं बघू, कारण वारीत पहिल्या दिवसापासून तेच बोलायला लागतं. झेड ८ बॅटरी आणि कार्डासकट ९१० ग्रॅम, त्यावर २४-१२० एफ ४ लेन्स ६३० ग्रॅम, म्हणजे १५४० ग्रॅम, आणि यात पट्टा, जादा बॅटरी, रेनकव्हर काहीच धरलेलं नाही. आरएक्स१०० मार्क ७ बॅटरी-कार्डासकट ३०२ ग्रॅम. पाचास एक. दुकानात काउंटरवर दीड किलो हातात घेतला की भारदस्त वाटतो, पकड काय मस्त आहे वगैरे आपण म्हणतो, पण पुण्याहून सासवडचा तो लांबलचक टप्पा, त्यात दिवे घाट, वरून पावसाची भुरभुर आणि गळ्यात ही दीड किलोची घंटा, मग संध्याकाळी मान कुठल्या बाजूला वळत नाही ते कळतं. मी एका वर्षी मोठा घेऊन चाललोय आणि दुसऱ्या वर्षी छोटा, त्यामुळे हे ऐकीव नाही.

आता फोटोतला फरक. दिवसाउजेडी, म्हणजे दिंडी चाललीय, आभाळ मोकळं आहे, पताका, टाळ, मागे हिरवे डोंगर, असा फोटो दोन्हींनी काढा आणि १२ बाय १८ इंचाचा प्रिंट करून भिंतीवर शेजारी शेजारी लावा. मी लावलेत. घरी येणाऱ्या लोकांना ओळखायला सांगतो आणि निम्मे लोक चुकतात, त्यात दोन जण पोटापाण्यासाठी फोटोग्राफी करणारे होते (एकाने नंतर आठवडाभर फोन उचलला नाही). हिशोबच तसा आहे, १२ बाय १८ इंच ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायचा तर साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात आणि छोट्याकडे २० आहेत. मोठ्याचे ४५.७ आहेत ते तुम्ही फोटो कापणार असाल किंवा फ्लेक्स लावणार असाल तर कामाचे. वारीचा फ्लेक्स तुम्हाला लावायचाय का? नाही ना.

फरक सुरू होतो तो अंधार पडायला लागला की. छोट्यातला सेन्सर (उजेड टिपणारा तुकडा) ‘एक इंची’ म्हणतात, पण मोजायला जाऊ नका, एक इंच कुठूनच भरणार नाही, जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या काचेच्या नळ्या असायच्या त्यांच्या मापावरून पडलेलं नाव आहे ते. खरा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर, साधारण अंगठ्याच्या नखाएवढा. झेड ८ चा ३६ बाय २४, म्हणजे ८६४. सात पटीहून जास्त. फोटोवाल्यांच्या भाषेत जवळजवळ तीन स्टॉप, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. त्याचा अर्थ असा की छोट्यात तुम्ही आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ८०० ठेवलात तर जेवढा दाणा (फोटोतले बारीक ठिपके) दिसेल तेवढा मोठ्यात ६४०० वर दिसतो. आता मुक्कामाच्या तंबूत रात्रीचं कीर्तन चाललंय, बांबूला दोन पिवळे बल्ब लटकतायत, बुवा हात वर करून अभंगाच्या चरणावर आलेत आणि तुम्हाला तो हात हललेला नकोय. छोट्याला ३२०० वर जावंच लागतं, आणि ३२०० ला त्याच्या फोटोत बुवांच्या कपाळावरचं गंध आणि बाजूची कातडी एकात एक मिसळतात, वाळू टाकल्यासारखं दिसतं. मोठ्यात त्याच ३२०० ला गंध गंधासारखं दिसतं, घामाचा थेंबसुद्धा वेगळा. आजकाल दाणा काढणारी सॉफ्टवेअर फार चांगली झालीत, छोट्याचे बरेच फोटो वाचतात त्याने, पण गेलेलं गंध ते परत आणत नाही, स्वतःच्या मनाने काहीतरी काढून देतं.

मागचं धूसर करायचं म्हणाल तर तिथेही छोटा कमी पडतो. एफ २.८ लिहिलंय म्हणून भुलू नका (एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं तोंड जास्त उघडं), धूसरपणाच्या हिशोबाने तो फुल फ्रेमच्या, म्हणजे झेड ८ एवढ्या सेन्सरच्या, एफ ७.५ च्या आसपास जातो आणि झूम पूर्ण केला की १२ च्या आसपास. पण मला विचाराल तर वारीत मागचं धूसर करायचंय कशाला? एका वर्षी मोठ्या कॅमेऱ्याने मी इतके ‘सुंदर’ चेहरे काढले, मागे सगळं लोण्यासारखं, घरी येऊन बघतो तर हा माणूस वारीत आहे की मंडईत की मावसभावाच्या लग्नात, कशाचाच पत्ता नाही. छोट्याच्या फोटोत आजीच्या डोक्यावरचं तुळशीवृंदावनही स्पष्ट, मागची दिंडीही स्पष्ट, पाण्याचा टँकर आणि त्यावर चढलेलं पोरगंही स्पष्ट.

दुपारच्या उन्हाची एक गंमत दुकानदार सांगत नाहीत ती सांगतो. डोक्यावर ऊन, टोपीची सावली डोळ्यांवर, चेहरा काळाठिक्कर आणि मागे आभाळ पांढरंफटक, हा आपल्याकडचा कायमचा रोग. यावर उपाय म्हणजे थोडा फ्लॅश मारायचा. झेड ८ ला स्वतःचा फ्लॅशच नाही, वेगळा लावावा लागतो आणि तो साधारणपणे सेकंदाच्या २०० व्या भागापर्यंतच नीट जुळतो, त्यापुढे वेगळी मोड, वेगळा खटाटोप. आरएक्समध्ये शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, लेन्समध्येच असल्यामुळे यांत्रिक शटरवर २००० व्या भागापर्यंत फ्लॅश जुळतो आणि तो चिमुकला फ्लॅश वरून टुणकन उघडतो. एक-दीड मीटरवरच्या माणसाचे डोळे त्याने छान उघडतात. तीन लाखांच्या मशीनला जे काम वेगळं सामान मागतं ते हा बोटाएवढा फ्लॅश करतो, मला दर वेळी हसू येतं.

रिंगणाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचारणार. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण आणि पुढे सदाशिवनगरला गोल रिंगण, माऊलींचा अश्व सुटतो तेव्हा सगळा खेळ काही सेकंदांचा असतो. आरएक्स सेकंदाला २० फोटो काढतो आणि फोकसही धरून ठेवतो, या बाबतीत खिशातला कॅमेरा एवढं करतो हे दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो. उलट त्याचा झूम २०० मिलिमीटरपर्यंत जातो (आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं), मुलाने सुचवलेल्या लेन्सचा १२० ला संपतो. पण आषाढातलं आभाळ लक्षात घ्या. घोडा गोठवायला सेकंदाचा हजारावा भाग हवा, पूर्ण झूमवर लेन्स एफ ४.५, म्हणजे ढग दाटलेले असतील तर आयएसओ सहज हजाराला टेकतो, आणि छोट्याचा हजार म्हणजे काय ते वर सांगितलंच. फोटो येईल, फेसबुकवर झकास दिसेल, भिंतीवर मोठा लावलात तर घोड्याची आयाळ लोकरीसारखी दिसेल. ऊन पडलं तर मात्र कुणाच्या बापाला फरक कळणार नाही.

आता माझी फजिती. जेजुरीला पालखी पोहोचते तेव्हा भंडारा उधळतात, सगळं पिवळंधमक, त्याचे फोटो काढायचा मोह कुणाला आवरत नाही. माझ्याकडचा छोटा वेगळ्या कंपनीचा होता, नाव राहू दे. या खिशातल्या कॅमेऱ्यांची लेन्स चालू करताना नळकांड्यासारखी बाहेर येते आणि बंद करताना आत जाते. बाहेर असताना तिच्यावर भंडारा बसला, मी बंद केलं, तिने तो सगळा इमानदारीत आत ओढून घेतला. परत चालू केलं तर कर्र कर्र असा आवाज, अर्धी बाहेर आली आणि थांबली, स्क्रीनवर लेन्स एरर. नीरेपर्यंत तो कॅमेरा मी नुसता कमरेला बांधून फिरवला. पुण्यात दुरुस्तीवाल्याने उघडला तेव्हा आतून हळद निघाली, त्याने देव्हाऱ्यात ठेवू का विचारलं. तर तात्पर्य एवढंच की अशा ठिकाणी लेन्स बाहेर असताना पुसून, फुंकून, छोट्या ब्रशने झाडून मगच बंद करायचं, किंवा बंदच करायचं नाही. पावसालाही तसंच, आरएक्सला पाण्या-धुळीपासून संरक्षण नाही, झेड ८ ला जोडांवर रबरी सील आहेत, भुरभुर तो आरामात सोसतो. छोट्याला दुधाची पिशवी आणि रबरबँड. हसू नका, चालतं.

माणसांचं वागणं बदलतं हा मात्र माझ्या लेखी सगळ्यात मोठा फरक, आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात छापत नाहीत. मोठा कॅमेरा डोळ्याला लावला की वारकरी थांबतो, टोपी सरळ करतो, टाळ छातीशी धरून ताठ उभा राहतो आणि विचारतो, ‘माऊली, कुठल्या पेपरचे?’ त्याला वाटतं उद्या छापून येणार. पंचवीस फोटोंत पंचवीस ताठ उभे माऊली. छोटा कॅमेरा हातात असला की तुम्ही पण चालणारेच, त्यांच्यातलेच एक, भाकरी पुढे करतात, फोटो काढला तरी तोंडातला घास थांबत नाही. म्हणून लपूनछपून काढा असं मी अजिबात म्हणत नाहीये, नजरेने विचारायचं, मान हलली की काढायचा, आणि शक्य असेल तर पत्ता घेऊन चार बाय सहाचा एक प्रिंट पाठवायचा. मी पाठवतो, दोन घरांतून दिवाळीला फोन येतात.

चार्जिंगचं थोडक्यात. कंपनीच्या मोजणीने आरएक्स एका बॅटरीत २६० फोटो काढतो, झेड ८ साडेतीनशेच्या आत. दोन्ही पॉवर बँकेवर चार्ज होतात पण झेड ८ ला आपली नेहमीची सी केबल लागते आणि आरएक्सला जुनी मायक्रो यूएसबी, ती पिशवीत वेगळी ठेवा, रात्री दहा वाजता लोणंदमध्ये शोधत फिरायला लागेल. जादा दोन बॅटऱ्या घ्या.

तुम्हाला चालायचंय पंढरपूरपर्यंत, फोटो त्याच्या अनुषंगाने येणार. छोटा घ्या. आणि मुलाचं मन मोडू नका, रिंगणाच्या दोन दिवसांसाठी मोठा भाड्याने घ्या, पुण्यात मिळतो, ओळखपत्र आणि डिपॉझिट ठेवावं लागतं, आणि मुलालाच सांगा घेऊन ये म्हणून. त्याचीही वारी होईल.

प्रश्न : मी लातूरची, लग्नाची कामं नुकतीच घ्यायला लागलेय. मिररलेस घ्यायला पैसे कमी पडतायत. चांगला कॉम्पॅक्ट घेऊन सुरुवातीची दोन-चार लग्नं काढली तर चालेल का? तुम्हीच म्हणता १२ बाय १८ ला फरक कळत नाही.

उत्तर : नाही. माझंच वाक्य माझ्यावर उलटवलंत, पण नाही.

कारण फोटोचा दर्जा नाहीच, कारण कार्ड. खिशातल्या कॅमेऱ्यात एकच कार्ड बसतं. सात-आठ वर्षांपूर्वी एका लग्नात माझं एक कार्ड सप्तपदीनंतर मेलं, म्हणजे लॅपटॉपला लावलं तर ‘फॉरमॅट करायचं का’ विचारायला लागलं. माझ्या कॅमेऱ्यात दुसरं कार्ड होतं, त्यावर तेच फोटो एकाच वेळी उतरत होते म्हणून मी आज हे सदर लिहितोय, नाहीतर मुलीच्या मामांनी मला तिथेच ठेवलं असतं. अंतरपाट एकदाच खाली येतो. शेवटची मंगलाष्टक, सावधान, अक्षता पडतात, दोघं एकमेकांकडे बघतात, दीड सेकंद, आणि मग भटजी मध्ये येतात. तो दीड सेकंद गेला तर कुणाला सांगणार, परत धरा म्हणून?

तेव्हा जुना का होईना पण दोन कार्डांचा मिररलेस घ्या. सेकंडहँड बघताना नीट बघा, कारण नावावरून फसायला होतं : निकॉनच्या २०१८ च्या पहिल्या झेड ६ मध्ये एकच कार्ड बसतं, २०२० च्या झेड ६ मार्क २ मध्ये दोन. सोनीच्या २०१८ च्या ए७ मार्क ३ मध्ये दोन एसडी बसतात, आणि तो सेकंडहँड बाजारात भरपूर सापडतो. शटर किती वेळा पडलंय ते विचारा, सेन्सरवर बॅटरीचा उजेड मारून ओरखडे बघा. आणि हॉलमध्ये मागे ती एलईडीची भिंत लावलेली असेल तर सायलेंट शटर बंद ठेवा, नाहीतर नवरीच्या शालूवर आडवे पट्टे येतील आणि ते काही केल्या निघत नाहीत.

छोटा कॅमेरा लग्नात अगदीच निरुपयोगी असं नाही. हळदीला, मागच्या खोलीत मेकअप चालू असताना, जेवणाच्या पंगतीत काकू लोक मोठा कॅमेरा बघून पदर सावरतात आणि गप्प होतात तिथे मी छोटाच काढतो. पण तो दुसरा, पहिला नव्हे.

प्रश्न : फोन आहे की! दोनशे मेगापिक्सेलचा. मग खिशातला कॅमेरा हा प्रकार मेलाच ना? – नाशिकहून, एफवायला आहे. आणि अजून एक, माझ्या मैत्रिणी आईवडिलांचे २००८-१० चे जुने डिजिटल कॅमेरे काढून वापरतायत, त्याचे फोटो भारी येतात. ते कसं?

उत्तर : मेला होताच जवळजवळ. जपानच्या कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेचे आकडे बघ, २०१० साली सगळे मिळून १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाहेर पडले, त्यात बहुतेक खिशातलेच होते. २०२३ ला सगळे मिळून ८० लाखसुद्धा नाहीत. फोनने खाल्ले, आणि खायलाच हवे होते, त्यातले निम्मे भंगार होते. जे उरले ते फोनला जे जमत नाही तेच करतात म्हणून उरले.

आता तुझ्या फोनचं. समोर ताट आहे, मैत्रीण आहे, गोदाघाट आहे, एवढंच काढायचं असेल तर कॅमेरा घेऊ नको, पैसे वाचव. फोन एका क्लिकमध्ये पाच-सहा फोटो काढून त्यांची गोळाबेरीज करतो आणि ते तो फार हुशारीने करतो. पण गोदेच्या पलीकडच्या काठावरचा माणूस काढायचा म्हटला की फोनचा ‘३० एक्स’ बघ, जलरंगात काढल्यासारखा दिसतो, कारण तिथे बहुतेक झूम नसतोच, कापून मोठं केलेलं असतं. आरएक्समध्ये २४ पासून २०० पर्यंत खरंच काच पुढेमागे सरकते. नाहीतर रिकोचा जीआर ३ बघ, त्यात झूम अजिबातच नाही, २८ ला अडकलेला, पण सेन्सर मोठ्या कॅमेऱ्यातला टाकलाय, एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान, पण एक इंचीहून बराच मोठा), आणि वजन २५७ ग्रॅम. रस्त्यावर फोटो काढणारे लोक त्याच्यावर जीव टाकतात. त्यात स्नॅप फोकस म्हणून सोय आहे, दीड मीटर किंवा दोन मीटर आधीच ठरवून ठेवायचं, मग बटण दाबलं की फोकस शोधत बसत नाही, फोटो होतो. बॅटरी मात्र २०० फोटोंत संपते. आणि फ्लॅश नाही.

जुन्या कॅमेऱ्यांचं भारीपण कशात आहे सांगू का, लोक म्हणतात सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरची जादू वगैरे, मला तसं वाटत नाही. समोरून थेट फ्लॅश, मागे काळोख, पांढरं ते पांढरंफटक आणि काळं ते काळंकुट्ट, म्हणजे तुझ्या फोनने जे सगळं सपाट आणि गुळगुळीत केलं असतं ते त्या बिचाऱ्याला येतच नाही. तुमच्या पिढीला फोनच्या फोटोंचा कंटाळा आलाय, एवढंच. वापरा खुशाल, पण बाजारात जाऊन ६४ जीबीचं कार्ड आणू नका. अगदी जुने असतील ते २ जीबीपर्यंतचंच एसडी वाचतात, थोडे नंतरचे एसडीएचसी म्हणजे ३२ जीबीपर्यंत. ऑलिंपस किंवा फुजीफिल्मचा असेल तर आधी खाच उघडून बघ, त्यात एक्सडी नावाचं वेगळंच कार्ड लागू शकतं, ते आता जुन्या बाजारातच मिळेल. बॅटरी फुगलेली असेल तर चार्जरला लावायची नाही, म्हणजे नाही.

प्रश्न : ठाण्याला राहतो. हिवाळ्यात ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो बघायला बोटीने जातो. २०० पर्यंत झूमवाला कॉम्पॅक्ट पुरेल का?

उत्तर : फ्लेमिंगोंचा थवा, खाडी, मागे पूल आणि इमारती असा फोटो हवा असेल तर पुरेल, आणि मला तोच जास्त आवडतो. एकच फ्लेमिंगो, डोळा दिसतोय, चोचीतून पाणी गळतंय असा हवा असेल तर नाही पुरणार. हिशोब करा, ६०० च्या लेन्समधून तोच पक्षी २०० पेक्षा तिप्पट उंच आणि तिप्पट रुंद दिसतो, म्हणजे नऊ पट जागा. त्यात ४५ मेगापिक्सेल विरुद्ध २० धरलं तर त्या एका पक्ष्यावर जवळपास वीस पट पिक्सेल पडतात. वीस पट! हे कुठल्या सॉफ्टवेअरने भरून निघत नाही. ६०० पर्यंतची झूम लेन्स मात्र एकटीच दोन किलोच्या आसपास असते आणि बोटीत शेजारच्याच्या डोक्याला लागते. दुर्बीण आणि छोटा कॅमेरा, मी तरी हेच करतो, पक्षी डोळ्याने बघतो आणि थवा कॅमेऱ्याने.

प्रश्न : रत्नागिरी. आमच्याकडे दोन्ही आहेत, मोठाही आणि छोटाही. दोन्ही चामड्याच्या केसमध्ये कपाटात कपड्यांखाली नीट ठेवले होते. गणपतीत काढले तर दोन्ही लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी. साफ होईल का? तांदळाच्या डब्यात ठेवू का?

उत्तर : बुरशी आहे ती. ‘नीट’ ठेवले हीच चूक झाली, पावसाळ्यात कोकणात चामड्याची केस, अंधार आणि हवा नाही, बुरशीला याहून चांगलं सासर मिळणार नाही.

मोठ्याची लेन्स काढून जाणकाराकडे द्या, तो उघडून काच साफ करतो, लवकर दिली तर बहुतेक वेळा डाग राहत नाही, उशीर झाला तर बुरशी काचेवरचा लेप खाते आणि खूण कायमची. शिवाय बाकीच्या लेन्स त्या लेन्सपासून लांब ठेवा. छोट्याचं दुखणं वाईट, त्याची लेन्स सुटी होत नाही, सगळा कॅमेराच उघडावा लागतो आणि मजुरी ऐकली की लोक नवीनच घेतात. दुरुस्तीवाला किती सांगतो बघा, कॅमेऱ्याच्या निम्म्या किमतीच्या वर गेला तर सोडून द्या. डाग कडेला आणि बारीक असेल तर फोटोत दिसतही नाही, उन्हाकडे तोंड करून काढलात की मात्र सगळं दुधाळ होतं.

तांदळात नको! तांदळाची भुकटी लेन्सच्या नळीत जाते, ओल फारशी ओढली जात नाही, आणि वहिनी रागावतील ते वेगळं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा पारदर्शक डबा घ्या, फरसाणाचा मोठा असतो तसा, त्यात सिलिका जेल, आणि आत एक छोटं आर्द्रता मोजायचं यंत्र टाका, काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला पाहिजे. फार कोरडंही नको, रबर आणि ग्रीस वाळतं. जेलचे निळे किंवा केशरी दाणे रंग बदलले की पसरट भांड्यात मंद आचेवर गरम करून परत वापरता येतात, फक्त ते भांडं पुन्हा पोह्यांना घेऊ नका. पैसे असतील तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट मिळतं, पण तुमच्याकडे पावसात वीज किती वेळ असते ते तुम्हालाच माहीत. चामड्याच्या केस उन्हात टाका आणि परत कॅमेऱ्याला लावू नका.

आणि दर रविवारी दोन्ही बाहेर काढून अर्धा तास सकाळच्या उजेडात अंगणात ठेवा, दहा फोटो काढा, झूम पुढेमागे करा. लेन्स सूर्याकडे तोंड करून मात्र ठेवू नका, एकाने ठेवली होती तर शटरचा पडदा जळाला.